छंद, वृत्त, गाथा : शब्दांचे अर्थ आणि पाठाची शुद्धी

(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा कृतज्ञतेचा आणि आत्मपरीक्षणाचा असतो. मंदिर, उपाश्रय, पाठशाळा यांच्या भिंती ज्यांनी उभ्या केल्या त्यांचा गौरव या महोत्सवात यथोचित होतच आहे. त्या भिंतींच्या आत रोज जे शब्द उच्चारले जातात, त्यांच्याविषयी थोडे बोलावे, असा माझा विचार आहे. आपल्या नित्यपाठात गद्यापेक्षा पद्य कितीतरी अधिक. पहाटे स्तोत्र, पूजेत अष्टक, सायंकाळी प्रतिक्रमणातील गाथा, स्वाध्यायात दोहे, पर्वकाळी स्तवने आणि सज्झाय. गाथा, श्लोक, दोहा, पद, चरण, ढाळ हे शब्द आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतात. पण त्यांचा नेमका अर्थ काय, असे विचारले तर आपण बहुधा थांबतो. हे अर्थ समजून घेणे हा केवळ पंडितांचा विषय नाही. तो आपल्या आचाराचा विषय आहे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

ज्ञानाचार आणि अक्षराचे माप

आपल्या परंपरेने पाच आचारांत ज्ञानाचाराला पहिले स्थान दिले आणि त्याची आठ अंगे सांगितली. काल, विनय, बहुमान, उपधान, अनिह्नव ही पहिली पाच. नंतर व्यंजन, अर्थ आणि तदुभय ही तीन. व्यंजन म्हणजे अक्षर शुद्ध उच्चारणे, अर्थ म्हणजे त्याचा आशय जाणणे आणि तदुभय म्हणजे दोन्ही एकत्र साधणे. श्वेतांबर परंपरेच्या आवश्यक सूत्रात ज्ञानाचे अतिचार मोजले आहेत. त्यांत हीनाक्षर म्हणजे अक्षर गाळणे, अत्यक्षर म्हणजे अक्षर वाढवणे, पदहीन म्हणजे पद सोडणे आणि घोषहीन म्हणजे उच्चाराचा योग्य घोष न सांभाळणे, असे दोष स्पष्ट नावाने येतात. दिगंबर परंपरेच्या भक्तिपाठाच्या शेवटीही अक्षर, पद, अर्थ आणि मात्रा यांत राहिलेल्या उणिवेबद्दल क्षमायाचना केली जाते. दोन्ही परंपरांचे येथे पूर्ण एकमत आहे.

आता प्रश्न असा, की अक्षर गळले किंवा वाढले, हे म्हणणाऱ्याला कळावे कसे? पोथी हाती नसेल, गुरुजन जवळ नसतील, तर पाठ चुकल्याची जाणीव कोण करून देईल? ती जाणीव करून देणारी व्यवस्था पूर्वाचार्यांनी पाठातच ठेवलेली आहे. त्या व्यवस्थेचे नाव छंद. ज्या वस्तीचे नावच लाकडाच्या बाजारावरून पडले, त्या लकडगंजात हे समजावून सांगायला फार सायास नकोत. चौकटीच्या मापाने कापलेला दरवाजा इंचभर कमी पडला तर फट दिसते आणि इंचभर वाढला तर तो लागत नाही. माप ठरलेले असले की चूक आपोआप उघडी पडते. पद्यातील अक्षरांचेही तसेच आहे.

'छंद' म्हणजे काय?

मराठीत 'छंद' म्हटले की आपल्याला नाणी किंवा टपाल तिकिटे जमवण्याची आवड आठवते. 'नादी छंदी लागणे' असाही प्रयोग आपण करतो. संस्कृतात मात्र या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एक, रिझवणे, आवडणे या अर्थाच्या धातूपासून. म्हणून छंद म्हणजे इच्छा, आवड. दुसरी, 'छद्' म्हणजे झाकणे या धातूपासून. आच्छादन, छत, छत्र हे शब्द त्याच कुळातले. यास्काचार्यांनी निरुक्तात दुसरी व्युत्पत्ती स्वीकारली आहे. छांदोग्य उपनिषदात अशी कथा आहे, की मृत्यूला भ्यालेल्या देवांनी स्वतःला छंदांनी झाकून घेतले.

वैदिकांची ही कथा आपल्या श्रुतपरंपरेलाही एका अर्थी लागू पडते. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर कित्येक शतके जिनवाणी मुखानेच पुढे गेली. स्मरणशक्ती क्षीण होत चालली तेव्हा दिगंबर परंपरेत आचार्य धरसेन यांनी पुष्पदंत व भूतबली या मुनींना ज्ञान दिले आणि षट्खंडागम लिहिला गेला. त्याची आठवण आपण श्रुतपंचमीला करतो. श्वेतांबर परंपरेत देवर्द्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. त्याआधीच्या दीर्घ काळात शब्दाला मृत्यूपासून झाकणारी जी आच्छादने होती, त्यांत छंदाचे स्थान मोठे आहे. सूत्रे गद्यातही पाठ केली गेली हे खरे; परंतु गुणधराचार्यांचे कसायपाहुड किंवा कुंदकुंदाचार्यांचे समयसार व प्रवचनसार हे ग्रंथ गाथांत आहेत, हा केवळ आवडीचा भाग नव्हे.

पाद, चरण आणि वृत्त

पद्य हा शब्द 'पद' म्हणजे पाय यावरून आला. श्लोकाच्या चौथ्या भागाला पाद किंवा चरण म्हणतात. चतुष्पाद प्राण्याचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून 'पाद' म्हणजे पाव भाग. आपला 'पाव' हा शब्दही तेथूनच आला. 'पद' शब्दाने पुढे संपूर्ण गीताचाही अर्थ घेतला. बनारसीदास, भूधरदास, आनंदघन यांची पदे आपण गातो; नवपदाच्या ओळीत तोच शब्द पूज्य स्थान या अर्थाने येतो.

'चरण' शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. चरण म्हणजे पाय, चरण म्हणजे ओळीचा भाग, आणि चरण म्हणजे आचरणही. चार अनुयोगांपैकी आचाराचे निरूपण करणारा तो चरणानुयोग. 'वृत्त' शब्दाचेही असेच आहे. वृत् म्हणजे वळणे, चालणे, घडणे. जे घडले ते वृत्त, म्हणून वृत्तपत्र. जे वळून पूर्ण होते ते वृत्त म्हणजे वर्तुळ. जसे वागणे तसे वृत्त, म्हणून सद्वृत्त माणूस. आणि ठरलेल्या क्रमाने चालणारी पद्यरचना तीही वृत्त. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सम्यक्चारित्रासाठी 'वृत्त' हाच शब्द योजला आहे. इंग्रजीतील 'व्हर्स' हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याचाही मूळ अर्थ वळणे असाच आहे आणि तो धातू संस्कृत 'वृत्'चा सगोत्र आहे. शेताच्या टोकाशी नांगर वळतो तशी ओळ वळते, ही कल्पना त्यामागे आहे.

पद्याच्या चालीचे नियम आणि जीवनाच्या चालीचे नियम यांना एकच शब्द लाभावेत, याचे कारण दोन्हींचा गाभा संयम आहे. बोलताना मनाला येईल तितकी अक्षरे वापरता येतात. वृत्तात ती मोजून घ्यावी लागतात.

लघू, गुरू, मात्रा, गण

ही मोजणी कशी होते? ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. मात्रा म्हणजे माप. वैद्य औषधाची मात्रा देतात तीच ही. ऱ्हस्व अक्षरावर अनुस्वार असेल, पुढे विसर्ग असेल किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात त्यावर येत असेल तर तेही गुरू होते. 'जिन' या शब्दात दोन लघू. 'वीर' यात गुरू आणि लघू. 'अरिहंत' यात लघू, लघू, गुरू, लघू.

तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणून असे आठच गण संभवतात : य, म, त, र, ज, भ, न, स. गण म्हणजे समूह. भगवंतांचे साधुगण सांभाळणारे ते गणधर, हे आपण जाणतोच. साधूंचा गण जसा मर्यादेने चालतो, तसा अक्षरांचा गणही.

एक उदाहरण घेऊ. मानतुंगाचार्यांचे भक्तामर स्तोत्र वसंततिलका वृत्तात आहे. त, भ, ज, ज हे चार गण आणि शेवटी दोन गुरू, अशी चौदा अक्षरे. गुरूला 'गा' आणि लघूला 'ल' म्हटले तर प्रत्येक चरण असा चालतो : गा गा ल गा, ल ल ल गा, ल ल गा ल गा गा. सात गुरू, सात लघू, एकूण २१ मात्रा. चार चरण मिळून एका श्लोकात ५६ अक्षरे. दिगंबर परंपरेत ४८ श्लोक, म्हणजे २६८८ अक्षरे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत ४४ श्लोक, म्हणजे २४६४ अक्षरे. श्लोकसंख्येत भेद आहे. पण प्रत्येक श्लोकाची अक्षरसंख्या आणि चाल यांत तसूभरही फरक नाही. शतकानुशतके दोन वेगळ्या परंपरांनी सांभाळलेला पाठ एकाच मापात बसतो.

'भक्तामर' हे नाव सुटे उच्चारले तर त्यातील शेवटचा 'र' लघू आहे. स्तोत्राच्या प्रारंभी मात्र त्याच्या पुढे 'प्र' हे जोडाक्षर येते, म्हणून तोच 'र' गुरू होतो आणि चौथ्या स्थानी गुरू हवा ही अट पूर्ण होते. पुष्कळजण 'भक्तामर' म्हणून थांबतात आणि मग पुढचा शब्द उच्चारतात. तेवढ्याने चौथे अक्षर हलके पडते आणि चाल तुटते. वृत्त माहीत असेल तर हा बारकावा कोणी शिकवावा लागत नाही. जिभेलाच तो जाणवतो.

यती

छंदशास्त्रातील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा शब्द म्हणजे यती. ओळीत ठरलेल्या जागी जी क्षणभर विश्रांती घ्यायची, ती यती. संयमी साधू तोही यती. वैयाकरण या दोन शब्दांची मुळे वेगळी दाखवतील, एकाचे 'यम्' आणि दुसऱ्याचे 'यत्'. पण ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही एकत्र येतात, आणि ते अयोग्य नाही. कोठे थांबावे हे ज्याला कळते तो यती.

विवाहातील मंगलाष्टके आपण सर्वांनी ऐकली आहेत. त्यांचे वृत्त शार्दूलविक्रीडित. चरणात १९ अक्षरे आणि बाराव्या अक्षरानंतर यती. म्हणणारा जाणता असला की बारा अक्षरांनंतर श्वास घेतो, उरलेली सात अक्षरे म्हणतो आणि मंडपातील आबालवृद्धांना अर्थ कळतो. भलतीकडे थांबले की शब्द मधोमध तुटतो.

आपल्या नागपूरजवळच्या रामटेकशी जोडलेले एक उदाहरण सांगतो. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले. त्याच रामटेकला शांतिनाथ भगवंतांचे प्राचीन दिगंबर क्षेत्र आहे. मेघदूताचे वृत्त मंदाक्रांता, म्हणजे हळूहळू पावले टाकणारी. १७ अक्षरे, यती चार, सहा आणि सात अक्षरांवर. पहिली चार अक्षरे गुरू, म्हणून आरंभ संथ. नंतर पाच लघू एकापाठोपाठ, म्हणून गती. पुढे पुन्हा ठाय चाल. नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी मेघदूताच्या ओळी आपल्या श्लोकांत गुंफून पार्श्वाभ्युदय हे काव्य रचले. प्रियाविरहाच्या काव्यातील ओळी घेऊन कमठाचा उपसर्ग आणि पार्श्वप्रभूंची अचल ध्यानमुद्रा त्यांनी वर्णिली. ओळी दुसऱ्याच्या, आशय वैराग्याचा. आणि सांधा कोठे दिसत नाही, कारण वृत्ताचे माप एकच. वादिराज मुनींचे एकीभाव स्तोत्रही याच मंदाक्रांतेत आहे.

गाथा, आर्या आणि श्लोक

गाथा म्हणजे गायिलेले. 'गै' म्हणजे गाणे हा त्याचा धातू. प्राकृतात 'गाहा'. अक्षरे न मोजता मात्रा मोजणाऱ्या रचनेला 'जाती' म्हणतात. गाथा ही जातीरचना आहे. तिच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात; एकूण ५७. संस्कृतात हिलाच आर्या म्हणतात. आपल्याकडे आर्या म्हटले की आर्यिका माताजींचे किंवा आर्या चंदनेचे स्मरण होते, म्हणजे पूज्य स्त्री. पद्यालाही हे आदराचे नाव मिळाले.

गाथेचे आणि महाराष्ट्राचे नाते जुने आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावरील गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. विमलसूरींचे पउमचरिय हे रामकथेचे जैन महाकाव्यही महाराष्ट्री प्राकृतात आणि मुख्यतः गाथांत आहे. उवसग्गहर स्तोत्राच्या गाथा तर आपल्या घरोघरी म्हटल्या जातात. मराठीत मोरोपंतांची आर्या प्रसिद्ध आहे. ती बहुधा गीती या प्रकारची, म्हणजे दुसऱ्या अर्धातही १२ आणि १८ मात्रा असलेली. पुढे मराठीत 'गाथा' शब्दाचा अर्थ बदलला. तुकोबांची गाथा म्हणजे एक पद्य नव्हे, तर अभंगांचा संपूर्ण संग्रह. म्हणून प्राकृत ग्रंथात 'इतक्या गाथा' असे वाचताना मराठी अर्थ मनात आणू नये.

श्लोक म्हणजे मुळात ध्वनी, कीर्ती. व्यवहारात चार चरणांचे कोणतेही संस्कृत पद्य. पण नेमक्या अर्थाने अनुष्टुभ, म्हणजे आठ आठ अक्षरांचे चार चरण, एकूण ३२ अक्षरे. या ३२ अक्षरांचे आपल्या लेखकांनी मापच करून टाकले. हस्तलिखिताच्या शेवटी 'ग्रंथाग्र' अमुक इतके, असे लिहिलेले आढळते. ग्रंथ गद्यात असला तरी त्यातील एकूण अक्षरे ३२ अक्षरांच्या श्लोकांत मोजून हा आकडा देत. लिहिणाऱ्याचे पारिश्रमिक त्यावरून ठरे आणि पुढे नक्कल करताना काही गळले का, हेही त्यावरून तपासता येई. वीरसेनाचार्यांची धवला टीका ७२,००० श्लोकप्रमाण, असे आपण ऐकतो. धवला मुख्यतः गद्यात आहे; तेव्हा त्याचा अर्थ ७२,००० पद्ये असा नव्हे, तर सुमारे २३ लाख अक्षरे असा आहे. श्लोक येथे लांबी मोजण्याचे एकक झाला.

हीच धवला टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर सुरक्षित होती. तिचे हिंदी अनुवादासह संपादन आपल्या विदर्भात झाले. अमरावती व नागपूर येथे अध्यापन केलेले डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून षट्खंडागमाचे १६ खंड प्रकाशात आणले. एवढे प्रचंड काम हाती घेणाऱ्याला उद्धृत गाथांचे शुद्ध रूप ठरवताना मात्रांची मोजणी किती साह्य करते, हे प्राकृत ग्रंथांच्या कोणत्याही संपादकाला विचारावे.

दोहा, ढाळ, ओवी, अभंग

लोकभाषा बदलली तसे छंदही बदलले. अपभ्रंशात कडवक, घत्ता, पद्धडिया, दोहा ही नावे आली. ओळींचा गट म्हणजे कडवक, त्याचा समारोप करणारे पद्य म्हणजे घत्ता, आणि अनेक कडवकांचा अध्याय म्हणजे संधी. महाकवी स्वयंभू आणि पुष्पदंत यांनी या बांधणीत महाकाव्ये रचली. हिंदीतील चौपाई-दोह्यांच्या ग्रंथरचनेचा पूर्वज अभ्यासक येथेच पाहतात. दोह्याच्या ओळीत १३ आणि ११ मात्रा. योगींदुदेवांचे परमात्मप्रकाश प्रामुख्याने दोह्यांत आहे, कोल्हापूरच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९३७ मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. रामसिंह मुनींचा पाहुडदोहा डॉ. हीरालाल जैन यांनीच १९३३ मध्ये कारंजा येथील ग्रंथमालेतून प्रसिद्ध केला. कारंजाच्या शास्त्रभांडारांनी हा ठेवा जपला नसता तर त्यातील पुष्कळसे आज आपल्या हाती नसते.

गुजराती-राजस्थानी रासांत 'ढाळ' म्हणजे विशिष्ट चालीतील गीतखंड. पंडित दौलतरामजींच्या छहढालेत सहा ढाली आहेत, प्रत्येक वेगळ्या छंदात. ढाल म्हणजे शत्रूचा वार झेलणारे साधन, असाही अर्थ स्वाध्यायात सांगितला जातो. आरंभी छंदाचा 'आच्छादन' हा अर्थ पाहिला. त्याच्याशी हा अर्थ किती जुळतो, पाहा. 'सज्झाय' म्हणजे स्वाध्याय आणि 'थोय' म्हणजे स्तुती, हेही येथेच सांगून ठेवतो; रोज उच्चारूनही हे मूळ शब्द पुष्कळांच्या लक्षात येत नाहीत.

आपल्या मराठीत ओवी आणि अभंग. ओवी हा शब्द 'ओवणे' या क्रियापदाशी जोडतात. सोमेश्वराच्या १२व्या शतकातील मानसोल्लासात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. अभंग म्हणजे न भंगणारे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात. मराठी जैन कवींनी ओवीचाच आश्रय केला. गुणदासांचे श्रेणिकचरित्र ओवीबद्ध आहे. डॉ. विद्याधर जोहरापूरकर, डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांसारख्या अभ्यासकांनी हे साहित्य शोधून काढले नसते, तर मराठी जैन समाजाला आपल्या भाषेतील वारसा कळला नसता.

मराठीत 'छंद' या शब्दाला शास्त्रीय अर्थही वेगळा मिळाला. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी छंदोरचना या ग्रंथात पद्याचे तीन वर्ग केले. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला ते वृत्त. मात्रांची संख्या ठरलेली ती जाती. आणि लघु-गुरूंचा भेद न मानता केवळ अक्षरसंख्येवर चालणारा तो छंद. या व्याख्येने भक्तामर हे वृत्त, गाथा ही जाती आणि ओवी-अभंग हे छंद. संस्कृत ग्रंथातील 'छंद' आणि मराठी ग्रंथातील 'छंद' हे एकच समजले तर घोटाळा होतो.

आचार्य हेमचंद्र आणि प्रा. वेलणकर

छंदशास्त्राच्या इतिहासात जैन आचार्यांचे कार्य थोर आहे. जयकीर्ती, स्वयंभू आणि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य ही नावे अग्रगण्य. हेमचंद्रांच्या आठ अध्यायांच्या छंदोनुशासनात संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश अशा तिन्ही भाषांतील छंदांचे विवेचन आहे. एक मात्रा असेल तर रचना एकच. दोन असतील तर दोन. तीनला तीन, चारला पाच, पाचला आठ, सहाला तेरा. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज, हा नियम त्यांनी १२व्या शतकात दिला. त्यांच्याही पूर्वी विरहांक या छंदशास्त्रकाराच्या ग्रंथात तो आढळतो. इटलीच्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. जगभर ही संख्यामाला त्याच्या नावाने ओळखली जाते. तिचा उगम मात्र आपल्याकडे लघु-गुरू मोजण्यात झाला.

हे सारे ग्रंथ आधुनिक अभ्यासकांपुढे शुद्ध स्वरूपात ठेवणारे गृहस्थ मराठी होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे प्रा. हरि दामोदर वेलणकर यांनी १९४४ मध्ये जैन ग्रंथांची महासूची जिनरत्नकोश, १९४९ मध्ये प्राचीन छंदोग्रंथांचा संग्रह जयदामन् आणि १९६१ मध्ये हेमचंद्रांचे छंदोनुशासन संपादून प्रसिद्ध केले. जन्माने जैन नसलेल्या एका विद्वानाने जिनवाणीच्या या अंगासाठी आयुष्य वेचले. त्यांचे ऋण या व्यासपीठावरून व्यक्त करणे मला अगत्याचे वाटते.

एका अक्षराची गोष्ट

शेवटी आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट. नमस्कार महामंत्राच्या पाच पदांत ३५ अक्षरे आहेत, याविषयी दुमत नाही. चूलिकेच्या अखेरच्या चरणात काही परंपरा 'हवइ' म्हणतात, काही 'होइ'. 'होइ' घेतले तर चूलिका ३२ अक्षरांची, शुद्ध अनुष्टुभ मापाची. 'हवइ' घेतले तर ३३ अक्षरांची आणि संपूर्ण मंत्र ६८ अक्षरांचा. या एका अक्षरावरून कधी कधी कटू चर्चाही कानी येते. छंदाच्या दृष्टीने पाहा. 'होइ' मध्ये गुरू आणि लघू, म्हणजे तीन मात्रा. 'हवइ' मध्ये तीन लघू, म्हणजे तीनच मात्रा. एका गुरूच्या जागी दोन लघू आले. अक्षर वाढले, पण काळ वाढला नाही. प्राकृत श्लोकात अशी सवलत चालते. दोन्ही पाठ म्हणणाऱ्यांची जीभ तेवढ्याच वेळात मंगलापर्यंत पोहोचते. ज्याने आपल्या परंपरेचा पाठ मोजून सांभाळला, त्याने दुसऱ्याला हीनाक्षर किंवा अत्यक्षर म्हणण्याचे कारण नाही. अनेकांत केवळ तत्त्वचर्चेत नसतो. तो असा मात्रा मोजतानाही उपयोगी पडतो.

आपले कर्तव्य

आज मुले स्तोत्रे मोबाईलवरून ऐकून शिकतात. त्यात गैर काही नाही. पण चित्रपटगीताच्या चालीवर बसवलेले स्तोत्र पुष्कळदा लघू ताणते, गुरू आखडते आणि यतीच्या जागी न थांबता शब्दाच्या पोटात थांबते. मूल चाल पाठ करते. पाठ मात्र निसटतो. यावर उपाय अवघड नाहीत. पाठशाळेत स्तोत्र शिकवताना प्रथम त्याच्या वृत्ताचे नाव आणि चरणातील अक्षरसंख्या फळ्यावर लिहावी. आठवड्यातून एकदा मुलांनी 'गा' आणि 'ल' म्हणत, टाळी वाजवत एक श्लोक मोजावा. खेळासारखे ते शिकतील. ट्रस्टतर्फे जी पूजापुस्तके, स्तोत्रसंग्रह छापले जातात, त्यांत प्रत्येक रचनेखाली छंदाचे नाव द्यावे आणि मुद्रिते त्या मापाने तपासावीत. छापील चुका पिढ्यान्पिढ्या पाठ होतात, त्या तेथेच अडतील. आणि ज्यांच्या घरी जुन्या हस्तलिखित पोथ्या आहेत, त्यांनी त्या नदीत विसर्जित करण्यापूर्वी शेवटचे पान उघडून ग्रंथाग्र पाहावे व जाणकाराला दाखवावे.

यासोबत एक मर्यादाही सांगितली पाहिजे. छंद हे आच्छादन आहे, आत्मा नव्हे. ज्या वृद्ध मातेला लघू-गुरू ठाऊक नाहीत, पण जी डोळे मिटून भक्तिभावाने सामायिक करते, तिच्या भावाला उणे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. शास्त्राने व्यंजन, अर्थ आणि तदुभय अशी तीन अंगे सांगितली. त्यांतील एक हाती घेऊन दुसऱ्याची हेटाळणी करणे हाही अविनयच. मात्र ज्यांना शिकणे शक्य आहे, ज्यांच्या हाती पाठशाळा आहे, छापखाना आहे, पन्नास वर्षांची संस्था आहे, त्यांनी शुद्ध पाठाचा आग्रह धरला नाही तर पुढील पिढीला आपण अक्षरांचा ढीग देऊ, जिनवाणी देणार नाही.

या संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत येथून शुद्ध पाठ म्हणणारी, अर्थ जाणणारी आणि इतरांच्या पाठाचा आदर करणारी मुले-मुली बाहेर पडोत, ही मंगल भावना व्यक्त करतो.